इंग्रजीत ‘काढणं’ : सोलण्यापासून पुसण्यापर्यंतची क्रियापदं कशी शिकावीत

मराठीत आपण रांगोळी काढतो, फोटो काढतो, तिकीट काढतो, केर काढतो, माशाचे खवले काढतो आणि दुधावरची सायही काढतो. ‘काढणं’ या एका क्रियापदावर आपलं निम्मं घर चालतं. इंग्रजी बोलताना मग सगळीकडे ‘रिमूव्ह’ येतं. ‘रिमूव्ह द गार्लिक’ म्हटलं की समोरचा आचारी लसूण भांड्यातून उचलून बाजूला ठेवतो, आणि तुम्हाला तर तो सोलायला हवा असतो.

हॉटेल मॅनेजमेंटला नुकतेच लागलेले, क्रूझच्या गॅलीत म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरात किंवा हाउसकीपिंगमध्ये पहिलं काँट्रॅक्ट मिळालेले, लग्नानंतर परदेशात घर मांडणारे, किंवा इंग्रजी रेसिपी वाचून स्वयंपाक करू पाहणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. व्याकरणाची फार तयारी लागत नाही. खालच्या क्रमाने गेलात तर ‘रिमूव्ह’ची गरज हळूहळू कमी होत जाईल.

पहिली पायरी : वर काय आहे, त्याचं नाव

क्रियापदं पाठ करायच्या आधी वस्तूवर काय असतं त्याची नावं शिका. आपण ‘साल’ आणि ‘टरफल’ या दोन शब्दांवर बरंच निभावून नेतो. इंग्रजीत फळ, भाजी आणि प्राणी यांप्रमाणे नाव बदलतं.

बटाटा, केळं, संत्रं यांची साल म्हणजे ‘पील’. टोमॅटो, द्राक्ष, कांदा, मासा, कोंबडी यांची ‘स्किन’. कलिंगडाची जाड पाठ आणि चीजचं कडक आवरण म्हणजे ‘राइंड’. शेंगदाणा, अक्रोड, अंडं, खेकडा यांचं कवच ‘शेल’. मटारची शेंग ‘पॉड’. मक्याच्या कणसावरची पानं आणि भाताचं तूस यांना ‘हस्क’ म्हणतात. भाताच्या तुसाला ‘हल’ हा शब्दही चालतो.

नारळावर हे सगळं एकदम शिकता येतं. बाहेरचं सोडण म्हणजे ‘हस्क’, म्हणून नारळ सोलणं म्हणजे ‘हस्क द कोकोनट’. आतली करवंटी ‘शेल’. नारळ फोडणं म्हणजे ‘क्रॅक’, आणि खोबरं खवणं म्हणजे ‘ग्रेट’ किंवा ‘स्क्रेप’. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाच्या हाताला ही कामं लहानपणापासून ठाऊक असतात, फक्त प्रत्येक कामाला वेगळं नाव जोडायचं असतं.

दुसरी पायरी : त्याच नावाचं क्रियापद करा

जे काढायचं त्याचंच नाव इंग्रजीत पुष्कळदा क्रियापद म्हणून चालतं. पील काढायची तर ‘पील’. खवले म्हणजे ‘स्केल’, ते काढणं ‘स्केल द फिश’. आतडी म्हणजे ‘गट’, पोट साफ करणं ‘गट द फिश’. सफरचंदाचा मधला भाग ‘कोअर’, तो काढणं ‘कोअर द ॲपल’. तण ‘वीड’, खुरपणं ‘वीड द गार्डन’. चेरी किंवा खजुराची बी काढण्याला अमेरिकेत ‘पिट’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्टोन’ म्हणतात. शेंगांच्या शिरा म्हणजे ‘स्ट्रिंग’, म्हणून घेवड्याच्या शिरा काढणं ‘स्ट्रिंग द बीन्स’.

नाव आणि क्रियापद दरवेळी जुळत नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या. कांद्याला ‘स्किन’ असते, पण कांदा ‘पील’ करतात. मटारची शेंग ‘पॉड’, पण मटार सोलणं म्हणजे बहुतेक वेळा ‘शेल द पीज’. उकडलेल्या अंड्याला ‘शेल’ असतं, तरी ‘पील द एग’ हेच जास्त ऐकू येतं. कोळंबीला ‘पील’ आणि ‘शेल’ दोन्ही चालतात. कालवं कवचातून काढण्याला मात्र ‘शक’ म्हणतात, आणि अमेरिकेत मक्याचं कणीस सोलण्यालाही हेच क्रियापद आहे.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणली की तिच्यावरची हिरवी टोपी देठासकट काढतो, ते ‘हल’. भेंडीची किंवा फरसबीची दोन्ही टोकं कापणं म्हणजे ‘टॉप अँड टेल’. ब्रिटिश रेसिपीत ही जोडी सारखी भेटते आणि शब्दकोशात शोधताना नवख्यांना लवकर सापडत नाही.

बदामाची साल काढायला ते गरम पाण्यात घालून लगेच चिमटीत धरतात आणि साल सुटते. अशा बदामांना ‘ब्लांच्ड’ म्हणतात. भाजीच्या बाबतीत तोच शब्द नुसतं उकळत्या पाण्यात बुडवून काढण्यासाठी वापरतात, तेव्हा साल निघालेलीच असेल असं धरून चालू नका.

तिसरी पायरी : घालायचं की काढायचं?

इथे नवखा माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो, म्हणून या पायरीला वेळ द्या.

‘डस्ट द शेल्फ’ म्हणजे फडताळावरची धूळ झटका. ‘डस्ट द केक विथ शुगर’ म्हणजे केकवर पिठीसाखर भुरभुरवा. शब्द तोच आणि काम अगदी उलटं. ‘सीड द लॉन’ म्हणजे हिरवळीसाठी बी पेरा, तर ‘सीड द टोमॅटोज’ म्हणजे टोमॅटोतल्या बिया काढा. ‘स्ट्रिंग द बीन्स’मध्ये शिरा निघतात आणि ‘स्ट्रिंग द गिटार’मध्ये तारा बसतात. ‘टॉप द केक’ म्हणजे केकवर काहीतरी घाला, आणि ‘टॉप द कॅरट्स’ म्हणजे गाजरांचे शेंडे उडवा.

पाठांतराने हे साधत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारा : ही गोष्ट त्या वस्तूवर किंवा वस्तूत आपोआप असते का? टोमॅटोत बिया असतातच, फडताळावर धूळ बसतेच, शेंगेला शिरा असतातच. जे आधीपासून असतं ते काढायचं. केकवर साखर आपोआप येत नाही, लाकडी गिटारला तारा उगवत नाहीत. जे बाहेरून आणावं लागतं ते घालायचं. ‘बटर द ब्रेड’, ‘सॉल्ट द वॉटर’, ‘ऑइल द पॅन’ ही सगळी म्हणूनच घालण्याची क्रियापदं आहेत. ‘बोन’, ‘स्किन’, ‘शेल’, ‘गट’ ही काढण्याची.

एव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क या अभ्यासकांनी १९७९ साली नामांपासून झालेल्या इंग्रजी क्रियापदांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा गाभाही असाच आहे : बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना त्या वस्तूबद्दल जे ठाऊक असतं, त्यावरून ऐकणारा नेमका अर्थ लावतो. तुम्हाला टोमॅटो, मासा, फडताळ ठाऊक आहेत. म्हणजे अर्थ लावायला लागणारी अर्धी माहिती तुमच्याकडे आधीच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण इंग्रजी कच्चं म्हणजे आपल्याला काहीच येत नाही, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं.

आपल्या ओळखीचा एक शब्द इथे बघा. चिकनच्या दुकानाच्या पाटीवर ‘ड्रेस्ड चिकन’ लिहिलेलं असतं. इथे ‘ड्रेस’ म्हणजे पिसं आणि आतडी काढून कोंबडी स्वच्छ करणं. पण ‘ड्रेस द सॅलड’ म्हणजे सॅलडवर तेल-लिंबाचं ड्रेसिंग घालणं. कोंबडीची पिसं तिची स्वतःची, सॅलडवरचं तेल बाहेरचं. तोच प्रश्न इथेही उत्तर देतो.

चौथी पायरी : पाकिटावरचे शब्द

क्रियापद कळलं की त्याचं ‘-एड’वालं रूप पाकिटांवर, मेनूवर आणि माल मागवायच्या यादीवर भेटतं. इथे चूक झाली तर चुकीचा माल येतो.

‘शेल्ड पीनट्स’ म्हणजे टरफलं काढलेले दाणे. आपल्या कानाला तो ‘टरफलवाला’ असा ऐकू येतो, अर्थ मात्र उलटा आहे. टरफलासकट शेंगा हव्या असतील तर ‘इन-शेल’ किंवा ‘अनशेल्ड’. ‘पिटेड ऑलिव्ह्ज’मध्ये बी नसते. ‘बोन्ड’ मांसात हाड नसतं. हाडासकट हवं असेल तर ‘बोन-इन’. ‘अनपील्ड’ म्हणजे साल तशीच ठेवलेलं.

‘सीडेड’ या शब्दापुढे जरा थांबा. ‘सीडेड ब्रेड’मध्ये तीळ, अळशी, सूर्यफुलाच्या बिया घातलेल्या असतात. अमेरिकन रेसिपीत ‘सीडेड’ मिरची म्हटलं तर तिच्या बिया काढून टाकलेल्या असतात. पुन्हा तिसऱ्या पायरीचा प्रश्न विचारा : पावात बिया आपोआप नसतात, मिरचीत असतात. ब्रिटिश रेसिपी असेल तर तिथे ‘डीसीडेड’ लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि मग गोंधळच उरत नाही. ‘सीडलेस’ द्राक्षं वेगळी, त्यांत खाताना लागतील अशा बिया मुळातच नसतात.

गोठवलेल्या कोळंबीच्या खोक्यांवर आद्याक्षरं असतात, ती जहाजावर आणि मोठ्या हॉटेलच्या स्टोअरमध्ये कामाला लागताच भेटतील. ‘एचएलएसओ’ म्हणजे हेडलेस, शेल-ऑन : डोकं काढलेलं, कवच तसंच. ‘पीडी’ म्हणजे पील्ड अँड डीव्हेन्ड : कवचही काढलेलं आणि पाठीतला काळा धागाही. ‘पीयूडी’ म्हणजे पील्ड, अनडीव्हेन्ड : कवच काढलेलं, धागा आतच. ‘पीयूडी’ आली असेल तर बारीक सुरीने पाठीवर चीर देऊन टोकाने धागा ओढून काढायचं काम शिल्लक आहे, हे खोकं उघडायच्या आधीच कळतं. या धाग्याला ते ‘व्हेन’ म्हणत असले तरी ती शीर नव्हे, कोळंबीचं आतडं असतं.

पाचवी पायरी : ‘डी’ आणि ‘अन’

शब्दाच्या आधी ‘डी’ लागला की काढून टाकण्याचा अर्थ बहुधा स्पष्ट असतो : डीफ्रॉस्ट, डीग्रीस (तेलकटपणा काढणं), डीवर्म (पोटातले जंत काढणं), डीस्केल. गंमत अशी की ‘बोन’ आणि ‘डीबोन’, ‘सीड’ आणि ‘डीसीड’, ‘वर्म’ आणि ‘डीवर्म’ या जोड्यांत काढण्याचा अर्थ दोन्हीकडे तोच आहे. शंका असेल तेव्हा ‘डी’वालं रूप बोला, त्याने गैरसमज होत नाही.

‘डीस्केल’ हे रोजच्या कामाचं क्रियापद. बोअरवेलच्या जड पाण्याने किटलीत, गीझरमध्ये, नळाच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तो विरघळतो. हे काम म्हणजे ‘डीस्केल द केटल’. घासून तो निघत नाही, म्हणून इथे ‘स्क्रब’ म्हटलं तर समोरचा बिचारा उगाच घासत बसेल.

‘अन’चे दोन स्वभाव आहेत. क्रियापदाला लागला तर तो झालेली गोष्ट उलटी करतो : अनटाय म्हणजे गाठ सोडणं, अनब्लॉक म्हणजे तुंबलेलं मोकळं करणं, अनपॅक म्हणजे सामान बाहेर काढणं. विशेषणाला लागला तर नुसता नकार देतो : अनवॉश्ड म्हणजे न धुतलेलं. कधीकधी एकाच शब्दात दोन्ही दडलेले असतात. ‘अनपॅक्ड’ बॅग ही सामान काढून रिकामी केलेलीही असू शकते आणि अजून भरलीच नाही अशीही. अशा वेळी मागचं-पुढचं वाक्य बघावंच लागतं.

सहावी पायरी : घासणं, विसळणं, पुसणं

इथे आपली मराठी फार श्रीमंत आहे आणि त्या श्रीमंतीचा फायदा घ्यावा. प्रत्येक मराठी क्रियेला तिची इंग्रजी जोडी शोधा.

केर काढणं म्हणजे ‘स्वीप’. फरशी किंवा लादी पुसणं म्हणजे ‘मॉप’. धूळ झटकणं किंवा पुसणं ‘डस्ट’, ओटा फडक्याने पुसणं ‘वाइप’. ब्रशने जोर लावून घासणं ‘स्क्रब’. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने करपलेलं भांडं घासणं ‘स्काउर’. तळाला लागलेलं उलथन्याने खरवडणं ‘स्क्रेप’. साबण लावून झाल्यावर विसळणं ‘रिन्स’. भांडी घासणं या पूर्ण कामाला मात्र ‘डू द डिशेस’ किंवा ब्रिटनमध्ये ‘वॉश अप’ म्हणतात. अमेरिकेत ‘वॉश अप’ म्हणजे हात-तोंड धुणं, म्हणून तिथे कुणी जेवणाआधी ‘वॉश अप’ म्हणालं तर सिंककडे भांडी घासायला धावू नका.

गाळणं आणि निथळणं यातला फरक इंग्रजीतही आहे. भात वेळताना पाणी टाकून भात ठेवतो, ते ‘ड्रेन’. चहा गाळताना पाणी ठेवून चोथा टाकतो, ते ‘स्ट्रेन’. साय काढणं ‘स्किम’, त्यावरूनच स्किम्ड मिल्क. पाखडणं म्हणजे ‘विनो’. निवडण्याला मात्र एकच एक शब्द नाही. तांदूळ-डाळ निवडणं ‘पिक ओव्हर’, मेथीची पानं काढणं ‘पिक द लीव्ह्ज’.

रेस्टॉरंटमध्ये ‘क्लिअर द टेबल’ आणि ‘क्लीन द टेबल’ ही दोन कामं आहेत. पहिल्यात ताटं-ग्लास उचलायचे, दुसऱ्यात टेबल पुसायचं. सुपरवायझरने ‘क्लिअर’ म्हटलं आणि तुम्ही फडकं घेऊन पाहुण्यांच्या ताटांभोवती पुसायला लागलात तर अवघड प्रसंग येतो. उच्चार जवळचे आहेत, कान देऊन ऐका.

हाउसकीपिंगला पहिल्याच दिवशी ‘स्ट्रिप द बेड’ ऐकू येईल : पलंगावरच्या चादरी, अभ्रे सगळं काढून गादी उघडी करायची. ‘स्ट्रिप’मध्ये काही शिल्लक न ठेवण्याचा अर्थ आहे. वायरचं प्लॅस्टिक सोलणं, दाराचा जुना रंग पार लाकडापर्यंत उतरवणं, थाइमच्या काडीवरची पानं ओरबाडणं, सगळीकडे ‘स्ट्रिप’. स्क्रू ‘स्ट्रिप’ झाला म्हणजे त्याचा आटा गेला. परदेशात जुन्या घराचा रंग उतरवण्याची वेळ आली तर आधी घराचं वय विचारा. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात कोरडं सँडिंग केलं तर विषारी धूळ उडते.

सातवी पायरी : वाक्यात काय आधी येतं

‘वाइप’ दोन्ही बाजूंनी चालतं : ‘वाइप द टेबल’ आणि ‘वाइप द क्रम्ब्ज ऑफ द टेबल’. पहिल्यात टेबल पुसलं, दुसऱ्यात चुरा पुसून काढला. ‘रिमूव्ह’ला हे जमत नाही, त्याच्यापुढे निघणारी गोष्टच यावी लागते, ‘रिमूव्ह द स्टेन फ्रॉम द शर्ट’. ‘रिड’चं उलट : आधी घर, मग उंदीर, ‘रिड द हाउस ऑव्ह रॅट्स’. ‘क्लिअर’ आणि ‘स्ट्रिप’ यांना दोन्ही रचना चालतात.

मागे येणारे छोटे शब्द क्रियापदाइतकेच महत्त्वाचे. पृष्ठभागावरून निघालं तर ‘ऑफ’, आतून निघालं तर ‘आउट’. सांडलेलं उचलून घेतलं तर ‘अप’, जसं ‘मॉप अप द मिल्क’. संपूर्ण पृष्ठभागावरून हात फिरवला तर ‘डाउन’, म्हणून सर्व्हिस संपल्यावर ‘वाइप डाउन द काउंटर’ आणि डेकवर ‘होज डाउन’. ‘क्लीन आउट द फ्रिज’ म्हणजे आतलं सगळं बाहेर काढून साफ करणं. ‘वाइप आउट’ मात्र जपून वापरा, त्याचा सर्रास अर्थ समूळ नष्ट करणं असा होतो.

आठवी पायरी : बाटलीवरचे शब्द चुकवू नका

‘क्लीन’ म्हणजे घाण काढणं. ‘सॅनिटाइझ’ म्हणजे जंतू सुरक्षित पातळीपर्यंत कमी करणं. ‘डिसइन्फेक्ट’ म्हणजे पृष्ठभागावरचे जंतू मारणं. व्यावसायिक किचनमध्ये हा क्रम पाळावाच लागतो : आधी क्लीन, मग सॅनिटाइझ, कारण चिकट थर तसाच असेल तर औषध खालपर्यंत पोचत नाही. बाटलीवर ‘काँटॅक्ट टाइम’ दिलेला असतो. तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे, फवारल्याबरोबर पुसून टाकू नका. ‘रिन्स थरोली’ लिहिलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा.

‘डू नॉट मिक्स’ हे शब्द तर डोळ्यांत तेल घालून वाचा. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइनचे वायू. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. दोन्ही वापरले की जास्त स्वच्छ होईल असा विचार करणाऱ्या नवख्या मुलांना हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आणखी एक सवय बदलावी लागेल. आपण चिकन आणल्यावर नळाखाली धुतो. ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी कच्चं चिकन धुऊ नका असं सांगते, कारण उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. तिथल्या किचनमध्ये ‘रिन्स द राइस’ ऐकाल, ‘रिन्स द चिकन’ बहुधा नाही.

सराव कसा करायचा

स्वयंपाक करताना हाताला जे काम आहे त्याचं इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणा. लसूण सोलताना ‘पीलिंग द गार्लिक’, कढई खरवडताना ‘स्क्रेपिंग द पॅन’. मग एक इंग्रजी रेसिपी घ्या आणि तिच्यातल्या साहित्याच्या यादीत ‘-एड’ने संपणारे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा : पील्ड, पिटेड, बोन्ड, सीडेड. प्रत्येकासमोर मराठीत लिहा, काढलेलं की घातलेलं. त्या रेसिपीत ब्रिटिश शब्द आहेत की अमेरिकन, हेही बघा. ‘प्रॉन’ आणि ‘डीसीडेड’ दिसलं तर बहुधा ब्रिटिश, ‘श्रिंप’ आणि ‘सीडेड’ दिसलं तर अमेरिकन.

बोलताना अडलात आणि नेमकं क्रियापद आठवलं नाही, तर ‘टेक ऑफ’ आणि ‘टेक आउट’ यांच्यावर वेळ मारून न्या. ‘टेक द स्किन ऑफ’, ‘टेक द सीड्स आउट’ ही वाक्यं शुद्ध आहेत आणि सगळ्यांना कळतात. मग काम चालू असतानाच शेजारच्याला विचारा, ‘व्हॉट डू यू कॉल धिस?’ आणि हातात ती साल किंवा ते कवच धरून दाखवा. किचनमधली माणसं असं विचारणाऱ्याला मनापासून सांगतात, आणि त्या कवचाबरोबर कळलेला शब्द सहसा विसरत नाही.